जुन्या चित्रपटांतली पात्रनिवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे १९१३ ते १९७५ या काळातल्या, मुख्यतः मुंबई, कोल्हापूर आणि पुण्यात तयार झालेल्या मराठी-हिंदी चित्रपटांबद्दल वाचकांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न घेतले आहेत. अमुक भूमिका अमुक नटाला कशी मिळाली याच्या गोष्टी सहसा नशिबाचा खेळ म्हणून सांगितल्या जातात. खोलात गेलं की बहुतेक वेळा कारण रोकडं निघतं: पगार, आवाज, करार किंवा तारखा.

'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती पुरुषाने का केली? नाटकातली प्रथा म्हणून?

प्रथा होतीच, पण दादासाहेब फाळक्यांना ती पुढे चालवायची नव्हती. त्यांना तारामतीसाठी बाईच हवी होती. नाटकात शेवटच्या रांगेतून बघणाऱ्याला स्त्रीपार्टी नटाची हनुवटी, मनगटं, गळ्याची घाटी दिसत नाही. कॅमेरा ते सगळं जवळ आणून दाखवतो. शिवाय मूकपटात आवाजाची मदत नाही, म्हणजे गोड गळ्यावर चेहरा खपवण्याची नाटकातली युक्तीही बाद.

कलाकारांसाठी त्यांनी 'इंदुप्रकाश'सारख्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. आलेले उमेदवार बघून पुढच्या जाहिरातीत कुरूप चेहऱ्यांनी येण्याची तसदी घेऊ नये, अशा अर्थाची ओळ घालावी लागली. बायका तर फिरकल्याच नाहीत. मग फाळके वेश्यावस्तीत गेले. तिथेही नकार मिळाले. एक मुलगी तयार झाली, चार दिवस तालीमही झाली, आणि पाचव्या दिवशी तिचा मालक तिला घेऊन गेला. फाळक्यांनी तिच्याशी लग्न करावं, अशी त्याची अट होती. समाजाने वाळीत टाकलेल्या बाईलाही सिनेमात उभं राहणं कमीपणाचं वाटत होतं, एवढं यावरून कळतं.

अण्णा साळुंके खरंच हॉटेलात काम करत होते का?

हो. मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात ते स्वयंपाकी होते. कुठे चहा देणारा पोऱ्या असंही लिहिलेलं सापडतं. फाळक्यांनी हेरलं ते त्यांचं सडपातळ अंग आणि नाजूक बोटं. हॉटेलात पगार महिना १० रुपये होता, फाळक्यांनी १५ देऊ केले.

हा आकडा एकटा वाचला तर गंमत कळत नाही. त्याच चित्रपटात विश्वामित्र झालेले गजानन वासुदेव साने नाटकातले अनुभवी नट. त्यांचा पगार महिना ४० रुपये होता. म्हणजे चित्रपटाची नायिका दुय्यम नटाच्या निम्म्याहून कमी पैशांत आली. पण साळुंक्यांच्या दृष्टीने ती दीडपट वाढ होती, आणि रोज चुलीपुढे उभं राहणं सुटत होतं.

अडलं ते मिशीवर. वडील वारले तरच मिशी उतरवायची, ही तेव्हाची समजूत. साळुंकेच काय, तारामतीच्या सख्या झालेले बाकीचे पुरुषही वस्तऱ्याला तयार नव्हते. त्यांची समजूत काढण्यात फाळक्यांचा बराच वेळ गेला. चित्रपटात कारंजाच्या हौदात सख्यांसह तारामतीचा जलक्रीडेचा प्रसंग आहे. तिथे ओल्या साड्यांतले सगळे पुरुषच.

हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके. रोहिदासासाठी मात्र मूल मिळेना, कारण आपल्या पोराने पडद्यावर रानोमाळ भटकावं आणि मरावं हे कुठल्या आईबापांना रुचणार? शेवटी फाळक्यांचा मुलगा भालचंद्र उभा राहिला. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाक मुरडायचे, म्हणून मंडळींनी बाहेर 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात' कामाला आहोत असं सांगायचं ठरलं होतं. परेश मोकाशी यांच्या २००९च्या चित्रपटाचं नाव तिथूनच आलं. मूळ चित्रपट गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी लोकांसाठी लागला.

'लंका दहन'मध्ये एकाच नटाने राम आणि सीता दोघांचं काम कसं केलं?

तो नटही साळुंकेच, साल १९१७. हे जमलं ते कथेमुळे. 'लंका दहन'चा मोठा भाग सीताहरणानंतरचा आहे, सीता अशोकवनात आणि राम दूर. दोघं समोरासमोर येण्याचे प्रसंग थोडे, त्यामुळे दृश्यं वेगवेगळी चित्रित करून जोडता आली. दोष एकच राहिला, सीतेचे दंड जरा जास्तच पिळदार दिसत. प्रेक्षकांनी ते पोटात घातलं. साळुंके पुढे कॅमेऱ्यामागे गेले आणि छायालेखक झाले.

मग पडद्यावर पहिली स्त्री कोण?

भारतीय कथापटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये (१९१३). आई पार्वती, मुलगी मोहिनी. फाळके त्यांच्यापर्यंत पोचले त्याचं कारण सरळ आहे. दोघी आधीच फिरत्या नाटक मंडळीत होत्या, म्हणजे लोकनिंदेला सामोरं जाऊन झालं होतं. कमलाबाई पुढे गोखले झाल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू.

फाळक्यांनी घरातलीच माणसं वापरण्याची रीत पुढेही ठेवली. 'कालिया मर्दन' (१९१९) मधला कृष्ण म्हणजे त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीला ती साध्या रूपात चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. एका अर्थी कॅमेऱ्यासमोरची चाचणीच प्रेक्षकांना दाखवली आहे.

त्यानंतर स्त्रिया सहज मिळू लागल्या का?

नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' (१९२०) केला तेव्हा गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना घेतलं. पडद्यासाठी त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी ठेवली. त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकलं आणि दोघींना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. नायिका निवडली की तिच्या राहण्याखाण्याची जबाबदारी कंपनीवर, हा तेव्हाचा व्यवहार.

चित्र पालटायला १९३२ उजाडलं. प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती झाल्या दुर्गा खोटे, कॉलेजात शिकलेल्या आणि मुंबईच्या प्रतिष्ठित घरातल्या. त्याआधी 'फरेबी जाल'मधल्या छोट्या कामावरून त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. दिग्दर्शक शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) तरीही त्यांना घेतलं. १९ वर्षांपूर्वी जी भूमिका करायला मुंबईत एक बाई मिळत नव्हती, तीच ही भूमिका. त्यानंतर घरंदाज घरांतल्या मुलींना निदान विचारता तरी येऊ लागलं.

'आलम आरा'चा नायक चित्रपटभर गप्प का असतो?

कारण त्याची भाषा. पहिला बोलपट (१४ मार्च १९३१, मॅजेस्टिक, मुंबई) काढताना अर्देशीर इराणींनी मास्टर विठ्ठल यांना घेतलं. विठ्ठल मराठी, मूकपटांतले हाणामारीचे लाडके नायक, तिकीटबारीवरचं खात्रीचं नाव. या भूमिकेसाठी आधी मेहबूब खान यांचा विचार होता, पण ते तेव्हा अनोळखी.

घोटाळा दोन बाजूंनी झाला. विठ्ठल शारदा स्टुडिओशी करारबद्ध होते, तो करार मोडून आल्यामुळे प्रकरण कोर्टात गेलं. त्यांची बाजू मांडली बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी, आणि विठ्ठल सुटले. दुसरी अडचण कुठल्याच बॅरिस्टरला सुटण्यासारखी नव्हती. चित्रपट हिंदुस्तानीत, आणि विठ्ठलांचे उर्दू उच्चार माईकपुढे टिकणारे नव्हते. उपाय म्हणून त्यांची भूमिका अशी बेतली की पात्र बराच वेळ बेशुद्ध किंवा भारलेल्या अवस्थेत राहील. बोलपटाचा नायक न बोलणारा!

भाषेचाच फटका सुलोचना (रूबी मायर्स) यांना बसला. मूकपटांतल्या त्या सर्वांत मोठ्या नायिकांपैकी एक, पण हिंदुस्तानीवर हुकमत नव्हती. 'आलम आरा'ची नायिका झुबेदा झाल्या. सुलोचनांनी भाषा शिकून घेतली आणि 'माधुरी' (१९३२) पासून बोलपटांतही नाव मिळवलं.

सुरुवातीच्या बोलपटांत गाणाऱ्यांनाच काम का मिळायचं?

गाणं चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित व्हायचं. माईक फुलदाणीत, फांदीत किंवा चौकटीच्या वर लपवलेला, वादक कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर दाटीवाटीने बसलेले. नटाने माईकपासूनचं अंतर न मोडता गायचं, अभिनयही करायचा. मध्ये कुणी खोकला किंवा तबला चढला तर सगळं पहिल्यापासून. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी मिनिटाला ९० फूट जाते. चार मिनिटांचं गाणं शेवटच्या ओळीत फसलं की ३६० फूट कच्ची फिल्म वाया.

त्यामुळे दिसणं आणि अभिनय मागे पडून सूर पहिला आला. गोविंदराव टेंबे हे मुळात हार्मोनियमवादक आणि संगीतकार, तेच 'अयोध्येचा राजा'चे हरिश्चंद्र झाले. १९३५ पासून पार्श्वगायनाची पद्धत आली. ती पसरायला काही वर्षं गेली, पण पसरल्यावर न गाणाऱ्या नटांना दार उघडलं आणि निव्वळ गळ्यावर उभ्या असलेल्या नायकांची सद्दी ओसरली.

बालगंधर्वांचं सिनेमात का जमलं नाही?

रंगभूमीवरचं एवढं मोठं नाव घेताना प्रभातने 'धर्मात्मा' (१९३५) मध्ये त्यांना स्त्रीवेषात न आणता संत एकनाथांची भूमिका दिली. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. कॅमेऱ्याच्या अंतरावरून स्त्रीभूमिका खपणार नाही हा अंदाज रास्तच होता. पण प्रेक्षक ज्या बालगंधर्वांवर जीव टाकत होते ते भामिनी-सिंधू या नाटकांतल्या नायिकांचे. साध्या वेषातला पुरुष बघायला ते थिएटरात आले नाहीत, आणि प्रभातशी त्यांचा संसार एका चित्रपटावर थांबला. माणूस तोच, पण ज्या गोष्टीसाठी तो हवा होता तीच काढून घेतली, तर पात्रनिवड कशी फसते याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण.

मग विष्णुपंत पागनीसही स्त्रीपार्टीच होते. 'संत तुकाराम'मध्ये ते कसे चालले?

हा प्रश्न वर्षाच्या अंतराने घडलेल्या दोन निवडींची तुलना करतो, म्हणून आम्हाला आवडतो. पागनीसही नाटकातून आलेले, स्त्रीभूमिका केलेले. त्यांच्या हालचालींतला नाजूकपणा तुकोबाला शोभणार नाही म्हणून प्रभातमध्येच या निवडीला विरोध होता. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल आपल्या मतावर ठाम राहिले.

चाललं याची कारणं पडद्यावर दिसतात. पागनीस भजनी गायक म्हणून तयार होते, त्यामुळे अभंग म्हणताना ते 'गाणं सादर' करत नाहीत, टाळ-वीणा घेऊन नेहमीचं काम करावं तसं म्हणतात. दुसरं म्हणजे ज्या मृदूपणाबद्दल शंका होती तो या तुकोबाच्या संसारातल्या असहायतेला नेमका बसला. आणि तिसरं, समोर जिजाई होती. तिच्या तडफेमुळे त्यांची शांतता उठून दिसते. 'आधी बीज एकले' हे गाणं शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेलं, पण पागनीसांच्या तोंडून ते इतकं सहज आलं की पुष्कळांना तो तुकोबांचाच अभंग वाटला.

चित्रपट १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईत सेंट्रल सिनेमात लागला आणि एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला. पुढे पागनीस संतांच्या भूमिकांतच अडकले: तुलसीदास, नरसी भगत, विदुर.

जिजाई झालेल्या गौरी कोण होत्या?

प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामाला असलेल्या बाई. तिथून गर्दीतल्या एक्स्ट्रा, मग छोटी कामं, मग जिजाई. नाटकाचा संस्कार नसल्यामुळे त्यांच्या बोलण्यात तेव्हाच्या नटांचा ठसका-हेलकावा नाही. देवळात जाऊन विठोबाला पायताण दाखवणारी जिजाई आजही ताजी वाटते ती म्हणूनच. आमच्या मते मराठी चित्रपटातली ही सर्वांत अचूक निवड.

हे शक्य झालं कारण प्रभातसारख्या कंपन्यांत नटांपासून सुतारांपर्यंत सगळे पगारावर असत आणि दिग्दर्शक रोज सगळ्यांना बघत असे. एजंट, फोटोंची पाकिटं हे नंतरचं. गर्दीतून वर येण्याची वाट पुढेही बंद झाली नाही. जयश्री गडकर 'झनक झनक पायल बाजे'च्या समूहनृत्यातल्या एक होत्या, चार वर्षांनी 'सांगत्ये ऐका'ने त्यांचं नाव घरोघरी नेलं.

मासिक पगाराच्या पद्धतीत काही अडचण नव्हती का?

होती. माणूस गेला की भूमिकेचं घोडं अडायचं. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये 'जीवन नैया'चं काम चालू असताना नायिका देविका राणी आणि नायक नजमुल हसन दोघंही पळून गेले. देविका राणी परतल्या, हसन यांना कंपनीचे मालक हिमांशु राय यांनी काढून टाकलं. झालेलं चित्रीकरण निरुपयोगी ठरलं. नवा नायक बाहेर शोधण्याऐवजी रायांनी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तरुणाला पुढे केलं. तो म्हणजे अशोककुमार. जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांना त्याचा जबडा नायकाचा वाटत नव्हता. निर्णय मालकाचा होता, म्हणून टिकला. त्याच वर्षी, १९३६ मध्ये, 'अछूत कन्या' आला आणि जबड्याचा विषय संपला.

पगाराचा अंदाज हवा तर, त्याच बॉम्बे टॉकीजने दिलीपकुमार यांना घेतलं ते महिना १,२५० रुपयांवर. त्यांचा पहिला चित्रपट 'ज्वार भाटा' १९४४चा.

दुर्गा खोटे यांनी एका कंपनीशी बांधून न घेता वेगवेगळ्या कंपन्यांत काम केलं. हीच रीत चाळिशीच्या दशकात रूढ झाली आणि 'तारखा' नावाचं नवं दुखणं सुरू झालं. त्याबद्दल पुढे येईलच.

नटाचा धर्म-जात बघून भूमिका दिल्या जायच्या का?

पौराणिक चित्रपटांत लोकांना वाटतं तितकं नाही. 'श्यामसुंदर' (१९३२) पासून कृष्ण म्हणून गाजलेले आणि १९४० साली ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. लोक त्यांच्या पाया पडत. प्रभातच्या हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांवरच्या चित्रपटात तर निवड जाणूनबुजून उलटी केली होती. हिंदी 'पडोसी' (१९४१) मध्ये मिर्झा झाले गजानन जागीरदार आणि ठाकूर झाले मझहर खान. मराठी 'शेजारी'त मिर्झा जागीरदारच राहिले, समोर केशवराव दाते आले. म्हणजे ही अदलाबदल पूर्णपणे फक्त हिंदी आवृत्तीत बघायला मिळते.

'मुगल-ए-आझम'मध्ये आधी कोण कोण होतं?

चाळिशीच्या दशकात के. आसिफ यांनी काम सुरू केलं तेव्हा अकबर चंद्रमोहन, सलीम सप्रू आणि अनारकली नर्गिस. दिलीपकुमार सलीमसाठी तेव्हाच सुचवले गेले होते, आसिफना ते पटले नव्हते. फाळणीनंतर निर्माते शिराझ अली हकीम पाकिस्तानात गेले, पैसा थांबला. १९४९ मध्ये चंद्रमोहन वारले.

चंद्रमोहन हे नाव आज पुष्कळांना माहीत नसतं. त्यांचे घारे, मोठे डोळे हेच त्यांचं भांडवल. प्रभातच्या 'अमृतमंथन' (१९३४) मध्ये शांतारामबापूंनी टेलिफोटो लेन्सने त्यांचा डोळा पडदाभर दाखवला होता. असा अकबर गेल्यावर तसाच दुसरा शोधण्यात अर्थ नव्हता. शापूरजी पालनजींच्या पैशावर चित्रपट पुन्हा उभा राहिला तेव्हा पृथ्वीराज कपूर आले, नजरेऐवजी आवाज आणि देहयष्टीचा अकबर. नायकनायिकाही बदलले, दिलीपकुमार आणि मधुबाला. जोधाबाई दुर्गा खोटे. जुनं चित्रीकरण टाकून द्यावं लागलं. ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरमध्ये लागला तो हा दुसरा चित्रपट.

ललिता पवार खलनायिका का झाल्या?

एका थपडेमुळे, आणि ही गोष्ट खरी आहे. त्या नायिकेची कामं करत. १९४२ च्या सुमारास एका चित्रीकरणात भगवानदादांनी प्रसंगाप्रमाणे मारलेली थप्पड जोरात बसली. चेहऱ्याच्या नसेला इजा झाली, उपचार सुमारे तीन वर्षं चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची कामं बंद झाली. मग त्याच डोळ्याने खाष्ट सासवा उभ्या केल्या. पण निव्वळ डोळ्याने एवढी वर्षं काम मिळत नाही. 'अनाडी'तली मिसेस डिसा बघा, डोळा तोच आहे आणि बाई मायाळू.

'मदर इंडिया'त सुनील दत्त यांच्या जागी परदेशी नट येणार होता का?

साबू. म्हैसूरकडचा माहुताचा मुलगा, इंग्लंड-अमेरिकेत नाव झालेला. बिरजूसाठी मेहबूब खान यांनी त्याला मुंबईत बोलावून घेतलं होतं. सुरुवात लांबत गेली, काम करण्याच्या परवान्याचा घोळ झाला आणि तो परत गेला. बिरजूसाठी दिलीपकुमार यांचंही नाव होतं. पण नर्गिस त्यांच्या नायिका म्हणून प्रेक्षकांना पाठ होत्या, आई-मुलगा म्हणून कसं चालणार?

'जंजीर' किती जणांनी नाकारला?

धर्मेंद्र, राजकुमार आणि देव आनंद ही तीन नावं पक्की समजा. कारणं मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतात. राजकुमार यांना दिग्दर्शकाच्या केसांच्या तेलाचा वास आवडला नाही, ही गोष्ट सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत कमी भरवशाची. सरळ बघितलं तर नायकाला गाणं नाही, प्रेमप्रसंग बेताचा, पूर्ण वेळ कपाळाला आठी. प्रस्थापित नायकाने विचार करावा अशीच ती भूमिका होती. अमिताभ बच्चन यांचं नाव प्राण यांनी पुढे केलं, 'बॉम्बे टू गोवा' (१९७२) मधली हाणामारी बघून. नायिकाही आधी मुमताज होत्या, नंतर जया भादुरी आल्या. चित्रपट ११ मे १९७३ चा.

गब्बर डॅनी होणार होते हे खरं का, आणि मग अमजद खान कसे आले?

खरं आहे. डॅनी डेन्झोंगपा ठरले होते. 'शोले'चं चित्रीकरण ऑक्टोबर १९७३ मध्ये बंगळूरजवळ रामनगरला सुरू व्हायचं होतं आणि त्याच सुमाराच्या तारखा त्यांनी फिरोज खान यांच्या 'धर्मात्मा'ला दिल्या होत्या. तो अफगाणिस्तानात. दोन्ही ठिकाणं घर सोडून लांब, मुक्कामाची, म्हणजे सकाळी इथे आणि रात्री तिथे ही मुंबईतली सोय नाही. डॅनींनी आधी दिलेला शब्द पाळला.

अमजद खान यांचं नाव सलीम-जावेद यांच्याकडून आलं. जावेद अख्तर यांनी त्यांना बऱ्याच वर्षांपूर्वी नाटकात बघितलं होतं. अमजद यांनी तयारीसाठी चंबळच्या दरोडेखोरांवरचं तरुणकुमार भादुरी यांचं पुस्तक वाचलं. हे भादुरी म्हणजे जयाबाईंचे वडील. चित्रीकरण सुरू झाल्यावर कुरबुर सुरू झाली ती आवाजावरून. इतक्या भयंकर माणसाला हा आवाज बारीक पडतो, दुसऱ्याकडून डबिंग करून घ्यावं, इथपर्यंत बोलणं गेलं. रमेश सिप्पी यांनी आवाज बदलला नाही. आज त्या आवाजाच्या ध्वनिफिती निघालेल्या आपल्याला माहीत आहेत, तेव्हा संशय घेणाऱ्यांना हसणं सोपं आहे. पण खलनायक म्हणजे खर्जातला घनगंभीर आवाज, असं तोवरचं गणित होतं.

जाता जाता, 'तेरा क्या होगा' ज्याला विचारलं जातं तो कालिया म्हणजे विजू खोटे, दुर्गाबाईंचे पुतणे.

डॉ. श्रीराम लागू 'पिंजरा'त आले तेव्हा त्यांना सिनेमा नवा होता ना?

मोठ्या भूमिकेत पडद्यावर नवे, रंगभूमीवर अजिबात नाही. कान-नाक-घशाचे शस्त्रवैद्य असलेले लागू तोवर व्यवसाय सोडून पूर्ण वेळ नट झाले होते. 'पिंजरा'तल्या मास्तराला दोन टोकं लागतात, आधीचा ताठ कणा आणि नंतरचा तमाशातला तुणतुणेवाला. नेहमीचा मराठी नायक घेतला असता तर पहिलं टोक लोकांना खोटं वाटलं असतं. प्रेक्षकाच्या मनात आधीची कुठलीच प्रतिमा नसलेला, पण पूर्ण तयार नट ही शांतारामबापूंची गरज होती.

अशी एखादी गोष्ट वाचली तर खरी-खोटी कशी ओळखायची?

आधी नेमकं काय म्हटलंय ते बघा. 'आधी अमुक नट होता' या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी लपतात: नुसता विचार झाला, विचारणा होऊन नकार आला, ठरलं आणि मोडलं, किंवा चित्रीकरण होऊन टाकून दिलं. 'शोले'तल्या जयसाठी शत्रुघ्न सिन्हा हा पहिला प्रकार, 'जंजीर'साठी देव आनंद दुसरा, डॅनी तिसरा, अनारकली म्हणून नर्गिस चौथा. सांगताना सगळ्यांना चौथ्या पायरीवर चढवलं जातं.

मग तारखा. प्रदर्शनाचं साल उपयोगाचं नाही, चित्रपट फ्लोअरवर कधी गेला, म्हणजे चित्रीकरण कधी सुरू झालं, ते हवं. 'मुगल-ए-आझम' १९६० चा म्हणून १९५९ मध्ये कोण मोकळं होतं हे शोधाल तर फसाल. त्या वेळी तो नट कुठल्या चित्रपटात अडकला होता ते पडताळा. 'शोले' आणि 'धर्मात्मा' दोन्ही १९७५ चे, म्हणून डॅनींची गोष्ट तारखांवर उतरते.

तिसरं, गोष्ट पहिल्यांदा कधी छापली गेली? चित्रपट आपटला असता तर ती कुणी सांगितली असती का? 'मी नाकारला' असं चाललेल्या चित्रपटांबद्दलच ऐकू येतं. त्या काळातल्या मुलाखती, जाहिराती आणि थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या यांना चाळीस वर्षांनंतरच्या आठवणींपेक्षा जास्त वजन द्या. फाळक्यांच्या बाबतीत आपण भाग्यवान, त्यांनी 'नवयुग' मासिकात स्वतः लिहून ठेवलं आहे. जुन्या चोपड्या, पोस्टर आणि स्थिरचित्रं पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली आहेत.

यातले कुठले चित्रपट आज बघता येतात?

'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळं उरली आहेत. ती १९१३ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असं काही जाणकारांचं मत आहे, तेव्हा दाखला देताना साल जपून लिहा. 'कालिया मर्दन' बराचसा शिल्लक आहे, मंदाकिनीचे भाव त्यात बघता येतात. 'आलम आरा'ची एकही प्रत उरलेली नाही, फक्त छायाचित्रं. 'सैरंध्री'ही गेला. 'अयोध्येचा राजा', 'अमृतमंथन', 'संत तुकाराम' आणि 'शेजारी' हे प्रभातपट उपलब्ध आहेत. पहिल्यांदाच बघणार असाल तर 'संत तुकाराम'पासून सुरुवात करा, आणि पागनीस गात असताना चौकटीत गौरी कुठे आहेत, काय करताहेत, तिकडे नजर ठेवा.